जुन्या रिव्हॉल्वरसाठी रिलोडिंग: बुलेट घ्यायच्या आधी नळी आणि थ्रोट मोजा

शिसे_आणि_कथील

नमस्कार मंडळी,

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या रिव्हॉल्वर ज्यांच्याकडे आहेत आणि त्या नुसत्या कपाटात ठेवायच्या नाहीयेत, त्यांच्याकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतो, "माझी .३८ ची आहे, मग .३८ च्या बुलेट घेतल्या की झालं ना?" नाही झालं. जुन्या हत्याराच्या बाबतीत नळीवर कोरलेला आकडा हे फक्त काडतुसाचं नाव असतं, बुलेटचं माप नसतं, आणि या एका गोष्टीमुळे इतके लोक वाकड्या पडणाऱ्या गोळ्या आणि शिशाने भरलेली नळी घेऊन बसतात की शेवटी सगळं एका जागी लिहून काढावं असं वाटलं.

आधी दोन गोष्टी सांगतो. रिलोडिंगचा (वापरलेली काडतुसं घरी परत भरण्याचा) आणि जुन्या हत्यारांचा कायदा जागोजागी वेगळा आहे, आपल्याकडे काय चालतं ते बघूनच हात घाला. आणि रिव्हॉल्वर चांगल्या गनस्मिथला दाखवल्याशिवाय एकही बार काढू नका. सिलिंडर घट्ट लॉक होतो का, प्रत्येक चेंबर नळीच्या बरोबर समोर येतो का, टॉप-ब्रेक, म्हणजे वरून मोडून उघडणारी, असेल तर वरची कडी ढिली झालीय का, हे त्याने बघायचं. काही जुनी हत्यारं फक्त बघण्यासाठीच चांगली, तसं तो म्हणाला तर ऐका. दारूचं माप मी इथे देणार नाही, ते छापील लोड बुकातूनच घ्या, धाग्यावर कुणी लिहिलं म्हणून नको.

आता आकडे. .३८ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन), १८७६ पासूनचं काडतूस, त्याची बुलेट ०.३६१ इंच. .३८ स्पेशलची बुलेट ०.३५८. दोन्हींच्या नावात ३८ पण खरे ३८ कुणीच नाही. .४४ रशियनची ०.४२९. .३८-४० म्हणून जे आहे त्याची तर चक्क ०.४०१, म्हणजे ते सरळ सरळ चाळीसचं काडतूस आहे. .४५ कोल्टच्या दुसऱ्या महायुद्धाआधीच्या नळ्या साधारण ०.४५४ च्या, नंतरच्या ०.४५१-०.४५२ च्या, त्यामुळे आज त्या नावाने मिळणारी ०.४५२ ची बुलेट जुन्या नळीत सैल जाते.

हा गोंधळ आला कुठून तर टाचेच्या बुलेटमधून. सुरुवातीच्या काडतुसांत बुलेट आणि केस (काडतुसाचं पितळी कवच) बाहेरून एकाच जाडीची असायची, बुलेटच्या मागे एक बारीक टाच आणि तेवढीच केसच्या आत. ल्यूब, म्हणजे बुलेटचं वंगण, बाहेर उघड्यावर, त्यामुळे खिशातली धूळ, वाळू सगळं त्याला चिकटायचं. रशियन सैन्याने १८७१ च्या सुमारास स्मिथ अँड वेसनकडे रिव्हॉल्वर मागवताना आतल्या ल्यूबची बुलेट मागितली, त्यातून .४४ रशियन आलं आणि हळूहळू सगळे त्या वाटेने गेले. बुलेट केसच्या आत गेली म्हणजे बारीक झाली, नाव मात्र जुनं राहिलं. टाचेची बुलेट आज रोजच्या वापरात फक्त .२२ एलआरसारख्या छोट्या .२२ काडतुसांमध्ये उरलीय.

रिव्हॉल्वरमध्ये बुलेटचा प्रवास डोळ्यासमोर आणा म्हणजे बाकीचं आपोआप कळतं. केसमधून सुटली की आधी चेंबरच्या पुढच्या अरुंद भागातून, म्हणजे थ्रोटमधून जाते, मग सिलिंडर आणि नळीतली फट ओलांडते, मग फोर्सिंग कोनमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या निमुळत्या तोंडात, शिरते आणि मग रायफलिंग, म्हणजे नळीतल्या पिळाच्या खाचा, पकडते. म्हणजे नळीच्या आधी थ्रोट बुलेटचं माप ठरवतो. थ्रोट नळीच्या खाचांच्या मापाएवढा किंवा अगदी किंचित मोठा असेल तर उत्तम, बुलेट थ्रोटच्या मापाची घ्या आणि निश्चिंत व्हा. थ्रोट बारीक आणि नळी मोठी असेल तर तुम्ही कितीही जाड बुलेट घाला, थ्रोट तिला दाबून बारीक करणार आणि ती पुढे नळीत सैल पडणार, बाजूने गरम गॅस निसटणार, शिसं वितळून नळीला चिकटणार आणि कागदावर आडवी भोकं पडणार. थ्रोट फारच मोठे असतील तर उलटा त्रास, बारीक बुलेट आत वेडीवाकडी होऊन फोर्सिंग कोनमध्ये तिरकी शिरते.

मोजायचं कसं ते सांगतो. हत्यार पूर्ण रिकामं, सिलिंडर बाहेर. नळीला आतून हलकं तेल. शुद्ध शिशाचा गोळा, नळीपेक्षा थोडा मोठा, तोंडाकडून लाकडी किंवा नायलॉनच्या हातोडीने आत बसवायचा आणि पितळी सळईने हळूहळू पुढे ढकलायचा. सळई पितळीच घ्या, पातळ लाकडी काठी तिरपी चिरते आणि आत पाचर बसते. ढकलताना घाई नको, हाताला काय लागतंय तिकडे लक्ष द्या. जिथे नळी फ्रेममध्ये आट्यांनी बसवलेली आहे तिथे खूपदा एकदम घट्ट लागतं, म्हणजे तिथे नळी आवळली गेलीय, ही नोंद करून ठेवा. बाहेर आलेला गोळा मायक्रोमीटरने मोजा, व्हर्नियरने नको, इथे हजाराव्या भागाचा प्रश्न आहे. मग तसेच गोळे सगळ्या थ्रोटमधून, प्रत्येक चेंबरचं माप वेगळं लिहून ठेवा कारण जुन्या सिलिंडरमध्ये सहाही सारखे असतील असं धरून चालू नका.

कोल्टच्या नळीत सहा खाचा, समोरासमोर येतात, मोजायला सोपं. स्मिथ अँड वेसनमध्ये पाच आणि वेब्लीमध्ये सात, तिथे एका उंचवट्यासमोर दरी येते आणि साधा मायक्रोमीटर खऱ्यापेक्षा कमी माप दाखवतो. त्यासाठी व्ही आकाराच्या ऐरणीचा मायक्रोमीटर मिळतो, नसेल तर गोळ्याभोवती माहीत असलेल्या जाडीची पातळ पत्र्याची पट्टी एकच वेढा गुंडाळा, मोजा, आणि पट्टीची जाडी दोनदा वजा करा.

आता धातू. शुद्ध शिशाचा ब्रिनेल कडकपणा साधारण ५, वीस भाग शिशात एक भाग कथील घातलं की १० च्या आसपास, तीसला एक घातलं तर ९, आणि आजकाल तयार मिळणाऱ्या हार्ड कास्ट, म्हणजे कडक ओतीव बुलेट १५ ते १८. जुना ढोबळ हिशोब असा की ब्रिनेल आकड्याला १४२२ ने गुणा, तेवढ्या पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाला ती बुलेट मागून फुगून नळी बंद करायला लागते. १५ ची बुलेट म्हणजे २१ हजारांच्या वर. आणि .४५ कोल्टची कमाल मर्यादाच १४,०००, .३८ एस अँड डब्ल्यूची १४,५००, आपण जुन्या हत्यारात त्याच्याही खाली राहणार. म्हणजे कडक बुलेट तिथे फुगणारच नाही, जशी आली तशी सैल निघून जाणार. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, जुन्या रिव्हॉल्वरला मऊ बुलेट, शिसं आणि कथील, शिसं कडक करणारं अँटिमनी जवळजवळ नाही. आणि तांब्याचं जाकीट असलेली तर अजिबात नको, त्या नळ्यांचं पोलाद मऊ, दाब कमी, जाकीट नळीतच अडकून बसलं आणि मागून दुसरा बार निघाला की नळी फुगली म्हणून समजा.

ज्यांच्याकडे जे हत्यार आहे त्यांनी मापांसकट लिहा, मापं दिली तर नीट बोलता येईल.

---

चांदमारी

दादा, हे आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं. माझी वेब्ली मार्क ६ आहे, .४५५, सिलिंडर दुसऱ्या काडतुसासाठी मागून कापलेला नाही, मूळ आहे तसा. .४५ कोल्टच्या म्हणून मिळणाऱ्या २५५ ग्रेन (वजनाचं छोटं माप) वजनाच्या सपाट बुडाच्या कडक बुलेट वापरतोय, ०.४५४ च्या. पंधरा मीटरवर निम्म्या आडव्या लागतात, कागदावर चक्क बुलेटची बाजू उमटलेली दिसते, आणि नळीत फोर्सिंग कोनच्या पुढे शिशाचे चकचकीत पापुद्रे. तुमचं वाचून आज थ्रोट मोजले, सगळे ०.४४९ ते ०.४५०. नळी पट्टी लावून मोजली तर ०.४५५ च्या जरा वर. म्हणजे थ्रोटच बारीक आहेत, मग आता थ्रोट रीमर लावून मोठे करून घेऊ का?

---

शिसे_आणि_कथील

@चांदमारी, रीमर नको, कृपा करून नको. वेब्ली आहेच तशी. थ्रोट बारीक आणि नळी मोठी हे त्या रिव्हॉल्वरचं नेहमीचं रूप आहे आणि मूळ काडतूस ते धरूनच बनवलेलं होतं. १८९७ चं मार्क २ काडतूस घ्या, २६५ ग्रेनची बुलेट, गोल नाकाची, मऊ, आणि बुडाला खोल पोकळी. ती थ्रोटमधून जाताना दबते आणि नळीत गेल्यावर मागच्या गॅसने पोकळीची पातळ कड घागऱ्यासारखी पसरते आणि खाचा भरून काढते. तुमची सपाट बुडाची कडक बुलेट थ्रोटमध्ये ०.४४९ ची झाली आणि तशीच राहिली, पुढे ०.४५५ च्या नळीत ती फिरणार कशाला? खाचा तिला धरतच नाहीयेत. वर कडक धातू बारीक थ्रोटमधून दाबला जातोय म्हणजे दाब उगाच वाढतोय तो वेगळा.

तुम्हाला ०.४५४ ची, २६० ते २६५ ग्रेनची, हॉलो बेस म्हणजे पोकळ बुडाची बुलेट पाहिजे, शुद्ध शिसं किंवा चाळीसला एक कथील. मूळ मापाचे साचे अजून बनतात, तयार स्वेज केलेल्या, म्हणजे साच्यात दाबून बनवलेल्याही मिळतात. शंभर वर्षांपूर्वीचा सिलिंडर एकदा कापला की परत येत नाही, बुलेट मात्र हवी तेवढ्या वेळा बदलता येते.

---

जुनाट

वाचनखूण साठवली. पट्टी गुंडाळायची युक्ती पहिल्यांदाच वाचली, पाच खाचांच्या नळीला कायम कमी माप का येतं ते आत्ता कळलं.

---

सूक्ष्ममापी

धागा छान आहे पण कडकपणाबद्दल मला थोडं वेगळं म्हणायचंय. तो १४२२ चा हिशोब लोक फार ताणतात. बुलेट थ्रोटला बरोबर बसत असेल आणि थ्रोट नळीपेक्षा मोठा असेल तर तिला फुगायची गरजच काय? ती आधीच योग्य मापाची आहे. माझ्याकडे १८९६ नंतर आलेल्या .३२ एस अँड डब्ल्यू लाँगची जुनी रिव्हॉल्वर आहे, थ्रोट ०.३१४, नळी ०.३१३ ला किंचित कमी. त्यात ०.३१४ च्या, १२ च्या आसपास कडक बुलेट वापरतो, नळी आरशासारखी राहते. माप आधी, धातू नंतर, असं म्हणायला हवं.

---

शिसे_आणि_कथील

@सूक्ष्ममापी, मान्य, आणि बरं झालं लिहिलंत. तुमच्यासारखी मापं जुळलेली रिव्हॉल्वर असेल तर धातूचा प्रश्न खूपच हलका होतो. पण अशी जुळलेली जुनी रिव्हॉल्वर किती जणांच्या नशिबी असते? ज्यांचे चार थ्रोट एका मापाचे आणि दोन दुसऱ्या, किंवा फ्रेमपाशी नळी आवळलेली, त्यांना मऊ धातू सांभाळून घेतो. आवळलेल्या जागेचंच बघा, तिथून कडक बुलेट दबून निघाली की पुढच्या सगळ्या नळीत सैलच जाणार, मऊ असेल तर निदान परत भरायचा प्रयत्न तरी करते. तेव्हा क्रम तुमचाच बरोबर, माप आधी, पण माप जुळत नसेल तर मऊ शिशाशिवाय मार्ग नाही.

---

रविवारची_रेंज

माझ्या ओळखीत एकाकडे कोल्टची १८९२ च्या मॉडेलची रिव्हॉल्वर आहे, .३८ लाँग कोल्ट. तो म्हणतो यात .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम पण बसतं, म्हणजे कंपनीने मजबूतच बनवली असणार, तर मॅग्नमच्याच बुलेट आणि केस घेतो. मला काही हे बरोबर वाटेना म्हणून विचारतोय.

---

सूक्ष्ममापी

त्याला आजच फोन करा. त्या रिव्हॉल्वरचे चेंबर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीचे सरळ भोक आहेत, आत पायरीच नाही, म्हणून लांब काडतूस पण आत जातं. मजबुतीशी त्याचा काडीचा संबंध नाही. .३५७ मॅग्नम त्यात उडवलं तर सिलिंडर फुटून हात जाईल. काडतूस आत जातंय याचा अर्थ ते त्या हत्यारासाठी आहे असा कधीच होत नाही.

---

शिसे_आणि_कथील

अगदी. आणि त्यात बुलेटचा पण एक पेच आहे. .३८ लाँग कोल्ट सुरुवातीला टाचेची बुलेट होती, ०.३७५ च्या आसपास, पुढे ती आतल्या ल्यूबची ०.३५८ ची केली पण नळ्या बराच काळ मोठ्याच राहिल्या, ०.३६३ वगैरे, शेवटच्या १९०३ च्या मॉडेलला नळी बारीक केली. म्हणजे मोठी नळी, बारीक बुलेट, मधलं अंतर भरायचं काम पोकळ बुडावर सोडलेलं. तुमच्या मित्राला हॉलो बेसच लागणार. बरेच जण .३८ स्पेशलची १४८ ग्रेनची हॉलो बेस वॉडकटर (सपाट तोंडाची बुलेट) वापरतात, मऊ स्वेज केलेली, ती चालते, पण अगदी हलक्या लोडवरच. दाब वाढला की तिची पातळ कड तुटून नळीत कडं राहून जातं आणि पुढचा बार त्या कड्यावर जाऊन आदळतो. दर बारानंतर नळीतून उजेड दिसतोय ना ते बघायची सवय लावा, विशेषतः नवीन बुलेट आजमावताना.

---

मृगनक्षत्र

मी स्वतः ओतते, .४१ लाँग कोल्टसाठी. हॉलो बेसचा साचा घेतलाय ०.३८६ चा, नळी ०.४०१ आहे. एवढं अंतर खरंच भरून निघतं का? कागदावर गोळ्यांचा गट ठीकठाक येतो, वाईट नाही, पण दर काही बारांनंतर एक भरकटते. आणि ओतताना अजून एक त्रास, पोकळीच्या कडेला सुरकुत्या पडतात, एका बाजूला कड जाड आणि दुसऱ्या बाजूला कागदासारखी पातळ.

---

शिसे_आणि_कथील

@मृगनक्षत्र ताई, भरकटणाऱ्या गोळीचं कारण बहुतेक तुम्हीच शेवटच्या वाक्यात लिहिलंय. कड एकीकडे पातळ, एकीकडे जाड असेल तर गॅस लागल्यावर ती एकसारखी पसरणार नाही, बुलेट नळीत वाकडी बसणार आणि बाहेर पडताना एका बाजूला आधी सुटणार. ०.३८६ ते ०.४०१ हे पंधरा हजारांशाचं अंतर भरून निघतं, हॉलो बेसचं .४१ त्यावरच चालत आलंय, पण बुलेट निर्दोष पाहिजे, वजनाला आणि कडेला.

सुरकुत्या म्हणजे पोकळी पाडणारी खुंटी थंड आहे. साचा तापलेला असतो पण ती खुंटी दर वेळी बाहेर काढतो ना, ती पटकन थंड होते, वर शुद्ध शिसं, ते तसंच नीट भरत नाही. खुंटी आधी वितळलेल्या शिशाच्या पृष्ठभागावर टेकवून चांगली तापवा, ओतण्याचा वेग वाढवा म्हणजे तिला गार व्हायला वेळ मिळणार नाही, आणि दोन-अडीच टक्के कथील घाला. कथलाने शिसं साच्याच्या कोपऱ्यात नीट जातं आणि कडकपणा फारसा वाढत नाही. शिसं ३२७ अंशाला वितळतं पण हॉलो बेसला त्याच्या बरंच वर ठेवायला लागतं, बुलेटवर धुरकट पांढरी झाक येऊ लागली की जरा जास्त झालं, तिथून थोडं खाली या. खुंटी साच्यात मधोमध बसतेय का ते पण बघा, ती हलत असेल तर एक बाजू पातळ येणारच.

आणि हे सगळं मोकळ्या हवेत, डोळ्याला चष्मा, हातात मोजे, भांड्यात पाण्याचा थेंब जायला नको, वाफ होऊन शिसं उसळतं. हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही.

---

मृगनक्षत्र

खुंटी शिशावर टेकवून तापवायचं डोक्यातच आलं नव्हतं, पुढच्या वेळी तसंच करते. टाचेच्या मूळ पद्धतीची बुलेट वापरली तर जास्त चांगलं होईल का? ०.४०१ ची, नळीला बरोबर बसणारी?

---

सूक्ष्ममापी

ताई, मी .४१ ला टाचेची वापरून पाहिलीय, अचूकता नक्कीच चांगली मिळते कारण बुलेट मुळातच नळीच्या मापाची असते. पण नेहमीच्या डायने (काडतूस आवळायच्या साच्याने) तिला क्रिंप करता येत नाही, म्हणजे केसचं तोंड बुलेटवर आवळता येत नाही, बुलेट केसएवढीच जाड असल्यामुळे डाय खाली येताना बुलेटच चिरडते. बाजूने आवळणारं वेगळं क्रिंपचं अवजार लागतं. आणि ल्यूब बाहेर, त्यामुळे बनवल्यावर बुडवून लावायचं आणि धुळीपासून जपायचं. तुमची आत्ताची बुलेट निर्दोष ओतली जाऊ लागली तर मी त्यावरच थांबेन.

---

काळी_दारू_प्रेमी

ल्यूबबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. ज्यांच्या रिव्हॉल्वर १९०० च्या आधीच्या आहेत ते काळ्या दारूवरच राहिले तर बरं, कोल्टने सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्वरला स्मोकलेस, म्हणजे बिनधुराच्या दारूची हमी १९०० च्या सुमारास द्यायला सुरुवात केली, त्याआधीचे सिलिंडर त्या दाबासाठी नव्हतेच. आणि काळी दारू वापरायची तर बुलेट निवडताना ल्यूबची खाच किती मोठी आहे ते बघा. आजच्या स्मोकलेससाठीच्या बुलेटला नखाएवढी पण खाच नसते, वर त्यात कडक रंगीत मेण भरलेलं असतं. काळ्या दारूची काजळी अशा ल्यूबने दगडासारखी घट्ट होते, पाच-सहा बारांत सिलिंडर फिरायचा बंद. खाच रुंद आणि खोल हवी, त्यात मधमाशीचं मेण आणि चरबी असं मऊ ल्यूब, पेट्रोलियमचं काही नको. नळीच्या तोंडाशी ओलसर काळी रेघ दिसली की समजायचं ल्यूब शेवटपर्यंत पोचतंय, कोरडी राखाडी दिसली तर कमी पडतंय. टोपीवाल्या म्हणजे कॅप अँड बॉल रिव्हॉल्वरला तर सरळ शुद्ध शिशाचा गोल गोळा, चेंबरपेक्षा किंचित मोठा, आत दाबताना चारी बाजूंनी शिशाचं बारीक कडं सोलून निघालं की माप बरोबर.

---

शिसे_आणि_कथील

@काळी_दारू_प्रेमी, हा भाग माझ्याकडून राहिलाच असता, फार उपयोगी लिहिलंत. .४४-४० वाल्यांसाठी याला जोडून एक, त्या केसची मान खूप पातळ असते आणि जुने चेंबर घट्ट, त्यामुळे नळी मोठी निघाली म्हणून ०.४२७ वरून ०.४२९ ला उडी मारली तर काडतूस चेंबरमध्ये जाणारच नाही असं होऊ शकतं. तिथे नळीबरोबर चेंबर पण मर्यादा घालतो, आधी एक रिकामं डमी बनवून बसतंय का बघायचं.

---

रविवारची_रेंज

मित्राला फोन केला, मॅग्नमचा विचार सोडलाय त्याने, धन्यवाद दोघांचे. आता माझा स्वतःचा प्रश्न. माझी .३८ एस अँड डब्ल्यूची टॉप-ब्रेक, लष्करी, ब्रिटिश बनावटीची. नळी ०.३६१. १४६ ग्रेनची बुलेट वापरतो, गट सुंदर येतो पण नेमापेक्षा तळहातभर खाली. नेम तर फिक्स आहे, समोरची माशी घासून कमी करू का?

---

सूक्ष्ममापी

माशीला हात लावू नका. त्या रिव्हॉल्वरचा नेम २०० ग्रेनच्या बुलेटवर बांधलेला होता, .३८/२०० म्हणून जे काडतूस होतं ते. नंतर १७८ ग्रेनची जाकीटवाली आली. जड बुलेट हळू जाते, नळीत जास्त वेळ राहते आणि तेवढ्या वेळात धक्क्याने नळी वर उचलली जाते, म्हणून ती उंच लागते. हलकी बुलेट लवकर सुटते, खाली लागते. १९०-२०० ग्रेनची मऊ बुलेट घ्या ०.३६१ ची, तिचं लोड बुकातलं वेगळं माप घ्या, आणि मग बघा नेम कुठे जातो. फक्त ०.३५८ च्या २०० ग्रेनच्या मिळतात म्हणून त्या घेऊ नका, परत पहिल्या पानावर याल.

---

चांदमारी

माझ्याकडे ०.४५४ च्या २६५ ग्रेनच्या हॉलो बेस बुलेट आल्या. नखाने सहज ओरखडा उठतो, म्हणजे मऊ आहेतच. डाय मात्र .४५ कोल्टची आहे, आजच्या मापाची. तीच वापरू का, की वेगळी लागेल? आणि .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसासाठी सिलिंडर कापलेले वेब्ली असतात, त्यांनी काय करायचं हेही एकदा लिहा, रेंजवर एकाकडे आहे.

---

शिसे_आणि_कथील

@चांदमारी, कापलेल्या वेब्लीचं आधी. .४५ एसीपीचं कारखान्यातलं काडतूस २१,००० पीएसआय पर्यंत जातं आणि .४५५ चा दाब त्याच्या बराच खाली, म्हणजे प्रत्येक बार त्या सिलिंडरला जवळजवळ परीक्षेचा बार. त्या गृहस्थांना सांगा की दुकानातलं .४५ एसीपी त्यात अजिबात नको, घरी हलकं बनवायचं आणि बुलेट तुमच्यासारखीच मऊ हॉलो बेस, कारण थ्रोट आणि नळी तीच आहे, फक्त मागची बाजू कापलीय.

डायचं काम मात्र नीट बघा कारण इथे चांगली बुलेट वाया जाते. आजची .४५ कोल्टची डाय केस ०.४५२ च्या बुलेटसाठी आवळते आणि तिच्या एक्स्पांडरचा (केसचं तोंड रुंद करणाऱ्या भागाचा) दांडा त्याहून बारीक असतो. तुम्ही ०.४५४ ची मऊ बुलेट त्या घट्ट केसमध्ये बसवली की पितळ जिंकतं आणि शिसं हरतं, बुड दाबून ०.४५१ चं होतं, आणि पोकळ बुडाची पातळ कड तर सगळ्यात आधी आवळली जाते. बाहेरून काडतूस अगदी देखणं दिसतं, काहीच कळत नाही. एक्स्पांडर मोठा घ्या, ०.४५२-०.४५३ चा, केसचं तोंड नीट उघडा म्हणजे बसवताना कड सोलली जाणार नाही, आणि केस पूर्ण लांबीची आवळू नका, बुलेट धरेल एवढीच. क्रिंप हलका पण हवाच, नाहीतर धक्क्याने पुढच्या चेंबरमधली बुलेट सरकून बाहेर येते आणि सिलिंडर अडतो. केस जुन्या फुग्याच्या बुडाच्या असतील तर त्या बाजूला ठेवा, नव्या भरीव बुडाच्याच वापरा.

मग एक डमी करा, प्रायमर (पेटवणारी टोपी) नाही, दारू नाही. क्रिंप करा, आणि हातोडीच्या पुलरने बुलेट परत बाहेर काढून बुडाशी मायक्रोमीटर लावा. ०.४५४ किंवा अगदी अर्धा हजारांश कमी आलं तर पुढे जा. त्याहून कमी आलं तर अजून एक्स्पांडर बदलायचाय, तोपर्यंत दारूचा डबा उघडू नका. माप इथे टाका, बघू काय येतंय.

---

चांदमारी

केलं डमी. जुन्या एक्स्पांडरने ०.४५१ आलं, तुम्ही म्हणालात तेच. दुसरा ०.४५३ चा टर्न करून घेतोय.